पोटातील मज्जातंतूंच्या गाठी : दुर्मिळ, बहुधा साध्या, पण दुर्लक्ष नको

मागील लेखात आपण आम्लपित्ताची माहिती घेतली. पोटात जळजळणे, करपट ढेकर येणे, दोन घास खाल्ले की पोट गच्च वाटणे या तक्रारी शंभरातील बहुतेकांच्या बाबतीत आम्लपित्त, जंत, अवेळी जेवण, तंबाखू-मिश्री किंवा मनावरचा ताण यांमुळेच असतात. पथ्य आणि साध्या औषधांनी त्या बऱ्याही होतात. परंतु काही थोड्या रुग्णांच्या तक्रारी औषधाने तात्पुरत्या दबतात आणि पुन्हा डोके वर काढतात. अशा वेळी कारण दुसरे काही आहे का, हे पाहावे लागते. त्या अनेक कारणांपैकी एका दुर्मिळ कारणाची ओळख आज करून घेऊ. ते कारण म्हणजे पोटातील मज्जातंतूंपासून निर्माण होणाऱ्या गाठी.

वाचक म्हणतील, जी गाठ लाखात एखाद्याला होते तिच्यावर लेख कशाला? याला दोन कारणे आहेत. पहिले असे की ही गाठ बहुधा साधी असते, म्हणजे कर्करोगाची नसते. वेळेवर सापडली तर एका शस्त्रक्रियेत रुग्ण कायमचा बरा होतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही गाठ ओळखण्यासाठी ज्या खुणा लक्षात ठेवायच्या, त्याच खुणा पोटाच्या इतर गंभीर आजारांच्याही आहेत. एक दुर्मिळ आजार समजून घेताना पाच नेहमीच्या आजारांची वाट सापडते.

पोटात मज्जातंतू कुठून आले?

मज्जातंतू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मेंदू आणि पाठीचा कणा येतो. परंतु अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आपल्या पचनमार्गाच्या भिंतीतही मज्जातंतूंचे दाट जाळे पसरलेले असते. त्यात दहा कोटींहून अधिक मज्जापेशी असतात. जठर किती घुसळायचे, आतड्याने अन्न पुढे कधी ढकलायचे, पाचक रस कधी सोडायचा, हे बरेचसे काम हे जाळे मेंदूला न विचारताच करते. या जाळ्याचा एक थर मायस्नर या शास्त्रज्ञाने १८५७ साली दाखवून दिला. दुसरा थर स्नायूंच्या मध्ये असतो. तो त्यानंतर काही वर्षांतच ऑरबाख यांनी वर्णन केला. आजही हे थर त्यांच्याच नावांनी ओळखले जातात.

याखेरीज पोटाच्या मागच्या बाजूला, पाठीच्या कण्यालगत मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारून मज्जातंतूंचे जाड दोर गेलेले असतात. पायाकडे जाणारे मज्जातंतूही तेथूनच निघतात.

आपल्या विहिरीवरच्या मोटारीची केबल आठवा. आत तांब्याची तार असते आणि तिच्यावर वेष्टण असते. मज्जातंतूचेही तसेच आहे. आतील तंतूभोवती विशिष्ट पेशींचे वेष्टण असते. या पेशींना श्वान पेशी म्हणतात. हे नाव थिओडोर श्वान (१८१० ते १८८२) या जर्मन शास्त्रज्ञावरून पडले. योगायोग असा की, जठरातील पेप्सिन हा पाचक पदार्थही याच श्वान यांनी १८३६ साली शोधून काढला. म्हणजे पचन आणि मज्जातंतू या दोन्ही विषयांवर एकाच माणसाचे नाव कोरलेले आहे.

गाठींचे प्रकार

पोटातील मज्जातंतूंच्या गाठींचे ढोबळमानाने चार प्रकार लक्षात ठेवावेत.

१) श्वानोमा : वेष्टणातील श्वान पेशी वाजवीपेक्षा वाढल्या की ही गाठ होते. १९१० साली व्हेरोके या शास्त्रज्ञाने तिचे सविस्तर वर्णन केले. ती कानाच्या मज्जातंतूवर, मानेत किंवा हातापायांत अधिक आढळते. पचनमार्गात ती फारच क्वचित होते. झालीच तर बहुतेक वेळा जठरात होते, त्याखालोखाल मोठ्या आतड्यात. चाळीस ते साठ या वयात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जठराची ही गाठ अधिक दिसते. ती अतिशय सावकाश वाढते.

२) न्यूरोफायब्रोमा : यात वेष्टणाच्या पेशींबरोबर इतर तंतुमय पेशीही मिसळलेल्या असतात. ही गाठ एकटीही होते. परंतु पुष्कळदा ती एका आनुवंशिक विकाराचा भाग असते. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

३) गँग्लिओन्यूरोमा : ही लहान मुलांत व तरुणांत अधिक आढळते. ती बहुधा पोटाच्या मागच्या भागात किंवा मूत्रपिंडावरील ग्रंथीत होते. अशा काही गाठी एक रासायनिक द्रव्य रक्तात सोडतात. त्यामुळे मुलाला पाण्यासारखे जुलाब होतात, ते औषधाने थांबत नाहीत आणि मूल वाळत जाते.

४) पॅरागँग्लिओमा : ही मज्जातंतूंच्या गुच्छाजवळील पेशींची गाठ आहे. ती रक्तदाब वाढवणारी द्रव्ये सोडू शकते. अशा रुग्णाला अधूनमधून झटका येतो. डोके ठणकते, दरदरून घाम सुटतो, छातीत धडधडते आणि रक्तदाब एकदम चढतो. काहींना हट्टी बद्धकोष्ठताही होते. ही गाठ बहुतेक वेळा पसरत नाही, तरी तज्ज्ञ तिला पूर्ण निरुपद्रवी मानत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरही तिच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

येथे एक खुलासा करतो. अभिनेते इरफान खान यांना २०१८ साली न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाल्याचे सर्वांनी वाचले. २०२० च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर ‘न्यूरो’ हा शब्द कागदावर दिसला की लोक घाबरतात. तो आजार वेगळा. तो अंतःस्रावी द्रव्ये तयार करणाऱ्या पेशींचा असतो. श्वानोमाशी त्याचा संबंध नाही. नाव अर्धे सारखे असले म्हणून आजार सारखा होत नाही.

साधी गाठ त्रास का देते?

गाठ कर्करोगाची नसेल तर तिचा त्रास का व्हावा, असा प्रश्न येतो. त्याची कारणे अशी :

पहिले कारण जागेचे. जठरात लिंबाएवढी गाठ असली की थोड्या जेवणानेच पोट भरल्यासारखे वाटते. भूक मंदावते, मळमळते, वरच्या पोटात जड वाटते.

दुसरे कारण रक्तस्रावाचे. गाठ वाढताना वरचे अस्तर ताणले जाते, त्याचा रक्तपुरवठा कमी पडतो व तेथे जखम होते. त्यातून रक्त झिरपते. ते जठरातील आम्लात मिसळून काळे होते आणि शौचावाटे डांबरासारखे बाहेर पडते. रुग्णाला रक्त दिसत नाही. फक्त थकवा, दम लागणे, चक्कर, पांढरेफटक डोळे एवढेच दिसते.

तिसरे कारण अडथळ्याचे. आतड्यातील गाठीमुळे वाट अरुंद होते. कधी आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. मग पोट फुगते, कळा येतात, उलट्या होतात, वारा सरत नाही.

चौथे कारण दाबाचे. पोटाच्या मागच्या बाजूची गाठ पुष्कळ मोठी होईपर्यंत गप्प असते, कारण तेथे पसरायला जागा असते. मग ती मूत्रनलिकेवर दाबते, आतड्यांवर दाबते किंवा पायाच्या मज्जातंतूवर दाबते. रुग्ण कंबरदुखी म्हणून तेल चोळत बसतो.

पाचवे कारण वर सांगितलेच, गाठीतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांचे.

एका रुग्णाची हकीकत

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ही हकीकत सांगत आहे. लिंबागणेशच्या परिसरातील वाड्यावस्त्यांवरून माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत ऊसतोड कामगारांची कुटुंबे पुष्कळ असतात. त्यांपैकीच पंचेचाळिशीच्या एक बाई. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास पतीबरोबर कारखान्यावर जायच्या आणि उन्हाळा लागता लागता परत यायच्या. तीन वर्षांपासून पोट दुखत होते. ज्या गावी टोळी असेल तेथील दवाखान्यातून आम्लपित्ताच्या गोळ्या घ्यायच्या, चार दिवस बरे वाटायचे. अंगात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्याही चालू होत्या. ‘पिशवी काढून टाका, पोटदुखी जाईल,’ असे कुणीतरी सांगितले होते आणि घरात पैशांची जुळवाजुळवही सुरू झाली होती.

मी त्यांना विचारले, “ताई, पोट नेमके कुठे दुखते?” त्यांनी हात बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली ठेवला. पाळीच्या तक्रारी विचारल्या, तर विशेष काही नव्हते. मग विचारले, “शौचाला काळे होते का?”

“व्हय सायेब, डांबरावानी व्हतंय. पर ते गोळ्यांनी व्हतंय म्हनत्यात समदे.”

“गोळ्या सुरू व्हायच्या आधी कसे होते?”

त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, “आधी बी तसंच व्हतं की.”

वाचकहो, या एका उत्तराने दिशा बदलली. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होते हे खरे आहे. परंतु ते चिकट, चमकदार आणि उग्र दुर्गंधीचे नसते. ते गोळ्या सुरू झाल्यावर काळे होते आणि बंद केल्यावर पूर्ववत होते. या बाईंचे गोळ्यांच्या आधीपासून काळे होत होते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ५.८ होते. निरोगी स्त्रीचे ते १२ किंवा त्याहून जास्त असावे.

त्यांना मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवले. तेथे रक्त चढवले आणि तोंडावाटे दुर्बिणीची तपासणी झाली. जठराच्या आत अस्तराखालून वर आलेला गुळगुळीत फुगवटा होता आणि त्याच्या टोकावर जखम होती. वरून घेतलेला तुकडा तपासला, तर त्यात फक्त सूज निघाली. सीटी स्कॅनमध्ये सहा सेंटिमीटरची गाठ दिसली. शस्त्रक्रियेत गाठीसह जठराचा तेवढाच भाग काढला. दहा-बारा दिवसांनी अहवाल आला : श्वानोमा, कर्करोगाचा अंश नाही. अहवाल घेऊन पती आले तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता, “सायेब, क्यान्सर न्हाई ना?” नाही म्हटल्यावर ते तेथेच पायरीवर बसले.

त्या वर्षी त्यांची टोळी चुकली. मुकादमाची उचल अंगावर राहिली. ते नुकसान खरेच आहे, त्याकडे डोळेझाक करता येत नाही. परंतु ५.८ हिमोग्लोबिन घेऊन डोक्यावर मोळी वाहताना उसाच्या फडात काय झाले असते, याचाही विचार करावा.

पिशवीचा प्रश्न

आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा स्पष्ट लिहिणे भाग आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींत एक.

गर्भाशय काढण्याची खरी गरज काही रुग्णांना असते, हे मी नाकारत नाही. परंतु बाईचे पोट दुखले म्हणजे पिशवीच दोषी, हे समीकरण चुकीचे आहे. ओटीपोटात मागच्या बाजूला असलेली मज्जातंतूची गाठ सोनोग्राफीत कित्येकदा अंडाशयाची गाठ असल्यासारखी दिसते. जठराची गाठ तर पिशवीपासून वीतभर लांब असते. म्हणून भगिनींना माझे सांगणे आहे की, शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. दुखणे नेमके कशामुळे आहे? ते कोणत्या तपासणीत दिसले? शस्त्रक्रियेशिवाय दुसरा उपाय आहे का? समाधान झाले नाही तर सरकारी रुग्णालयात दुसरे मत घ्या. दुसरे मत मागणे हा डॉक्टरांचा अपमान नाही.

अंगावर डाग, कातडीवर गाठी

आता त्या आनुवंशिक विकाराविषयी. जर्मन डॉक्टर फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८२ साली त्याचे वर्णन केले. त्याला न्यूरोफायब्रोमॅटोसिस, पहिला प्रकार असे म्हणतात. साधारण तीन हजार जन्मांमागे एका बालकाला तो असतो. त्याचे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असून ते १९९० साली सापडले.

या विकारात लहानपणापासून अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे सपाट डाग असतात. असे सहा किंवा अधिक डाग असतील, लहान मुलात ते पाच मिलिमीटरपेक्षा व मोठ्या माणसात पंधरा मिलिमीटरपेक्षा मोठे असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. काखेत बारीक ठिपके दिसतात. वयात आल्यावर कातडीवर मऊ गाठी येऊ लागतात. अशा रुग्णांना पोटातही मज्जातंतूंच्या गाठी होण्याचा संभव असतो. त्यांच्या लहान आतड्यात आणखी एका वेगळ्या प्रकारच्या गाठीही होऊ शकतात. म्हणून अशा व्यक्तीला पोटदुखी, काळे शौच किंवा रक्तदाब ही तक्रार झाली तर आम्लपित्त समजून थांबू नये. एखादी जुनी गाठ झपाट्याने वाढू लागली किंवा सतत दुखू लागली तरीही लगेच दाखवावे, कारण या विकारात क्वचित गाठीचे कर्करोगात रूपांतर होते.

गावाकडे अशा माणसांना फार सोसावे लागते. कुणी त्याला कुष्ठरोग समजते, कुणी मागच्या जन्मीचे पाप. लोक त्यांच्या हातचे पाणी पीत नाहीत. हा आजार संसर्गजन्य नाही. तो शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एकत्र झोपल्याने होत नाही. अर्ध्या रुग्णांत तो आईवडिलांकडून येतो आणि उरलेल्या अर्ध्यांत घराण्यात कुणालाही नसताना नव्याने होतो. मात्र ज्याला विकार आहे त्याच्या प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते. लग्न ठरवताना ही गोष्ट लपवू नये, आणि सांगणाऱ्याला नाकारण्याआधी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

निदान कसे होते?

ही गाठ हाताने क्वचितच लागते. त्यामुळे तपासण्या कराव्या लागतात.

रक्ताची तपासणी : हिमोग्लोबिन कमी असेल तर ते का कमी आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. विशेषतः पुरुषात आणि पाळी थांबलेल्या स्त्रीत रक्त कमी होण्याचे कारण पचनमार्गात शोधावे लागते. शौचात न दिसणारे रक्त ओळखण्याची साधी तपासणीही असते.

सोनोग्राफी : ही स्वस्त आणि उपयुक्त आहे. पण जठरात व आतड्यात हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीला नीट दिसत नाही. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे ‘पोट नॉर्मल’ असे समजू नये.

दुर्बिणीची तपासणी : तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे बारीक नळी घालून आतून पाहतात. भीती वाटते, पण तोंडावाटे होणारी तपासणी सहसा काही मिनिटांत उरकते. येथे एक अडचण येते. जठराची भिंत आपल्या गोधडीसारखी थरांची असते. श्वानोमा मधल्या थरात असतो. गोधडीच्या आत चिंचोका अडकला आहे असे समजा. वरून चिमटा घेतला तर हाती फक्त वरचे कापड येते, चिंचोका येत नाही. म्हणून तुकडा ‘साधा’ निघाला तरी फुगवटा असेल तर पुढची तपासणी करावी लागते. मोठ्या केंद्रांत दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचे यंत्र असते. त्यातून थर मोजता येतात व सुईने आतील पेशी घेता येतात.

सीटी स्कॅन व एमआरआय : गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, रक्तवाहिन्यांना चिकटली आहे का, हे यात कळते. काही ठिकाणी पेट स्कॅन करतात. त्यात श्वानोमा साधा असूनही चमकतो. त्यामुळे ‘गाठ चमकली’ एवढ्यावरून कर्करोग ठरवू नये.

रक्तदाबाचे झटके असतील तर सुई घालण्याआधी रक्ताची अथवा चोवीस तासांच्या लघवीची विशिष्ट तपासणी करतात. पॅरागँग्लिओमाला तयारीविना सुई लावली तर रक्तदाब धोकादायक चढू शकतो. म्हणून पोटाच्या गाठीच्या रुग्णाने घाम आणि धडधडीचे झटके येत असतील तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावेत.

अखेरचा निर्णय गाठ सूक्ष्मदर्शकाखाली पाहून होतो. जठरात श्वानोमासारखीच दिसणारी दुसरी एक गाठ असते. तिला थोडक्यात ‘जिस्ट’ म्हणतात. ती श्वानोमापेक्षा पुष्कळ अधिक आढळते आणि पसरू शकते. पूर्वी या दोहोंत गल्लत होत असे. जिस्टमागील जनुकीय दोष १९९८ साली जपानी संशोधकांनी दाखवला. त्यानंतर विशेष रंगद्रव्यांच्या चाचण्यांनी दोन्ही वेगळ्या ओळखता येऊ लागल्या. श्वानोमात एस-१०० ही चाचणी होकारार्थी येते, तर जिस्टमध्ये सीडी-११७ बहुधा होकारार्थी असते. जिस्टवर इमॅटिनिब नावाची गोळी उपयोगी पडते, श्वानोमावर ती निरुपयोगी आहे. म्हणून ‘गाठ काढली, झाले’ असे न म्हणता हा अहवाल आवर्जून घ्यावा आणि जपून ठेवावा.

उपचार

गाठ लहान असेल, त्रास नसेल आणि निदान पक्के असेल तर काही वेळा फक्त ठरावीक काळाने तपासणी करून लक्ष ठेवतात. रक्तस्राव, दुखणे, अडथळा, वाढ किंवा निदानाविषयी शंका असेल तर शस्त्रक्रिया करून गाठ काढतात. जठरातील गाठ पुष्कळदा थोड्याशा भागासह निघते, संपूर्ण जठर काढावे लागत नाही. दुर्बिणीने, लहान छिद्रांतूनही ही शस्त्रक्रिया करता येते. पूर्ण काढलेला साधा श्वानोमा पुन्हा होणे दुर्मिळ आहे. त्याला किरणोपचार किंवा केमोथेरपी लागत नाही. जठराचा मोठा भाग काढावा लागला तर मात्र पुढे बी-१२ जीवनसत्त्व व लोह यांची तपासणी करीत राहावे.

पोटाच्या मागच्या बाजूच्या गाठी मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ असतात. त्यांची शस्त्रक्रिया अनुभवी शल्यचिकित्सक आणि रक्तपेढी असलेल्या ठिकाणीच करावी.

लिंबागणेश परिसरातील रुग्णाने मांजरसुंब्यावरून बीडच्या जिल्हा रुग्णालयात जावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय ही आपल्या भागातील मोठी सरकारी केंद्रे आहेत. कर्करोगाची शंका असेल तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा रुग्णालय आहे. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीचे सर्व कागद, फिल्म व गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. रक्ताची उलटी झाली किंवा रुग्ण बेशुद्ध पडू लागला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नेहमी विचारल्या जाणाऱ्या शंका

प्रश्न : गाठीला हत्यार लागले की ती पसरते, असे म्हणतात. खरे का?
उत्तर : नाही. ही समजूत पुष्कळांचे प्राण घेते. पसरलेला कर्करोग उशिरा उघडला जातो, मग दोष हत्याराला दिला जातो. साधी गाठ काढल्याने पसरत नाही.

प्रश्न : औषधाने गाठ विरघळते का?
उत्तर : श्वानोमा कोणत्याही गोळीने, काढ्याने किंवा भस्माने विरघळत नाही. त्यात गेलेले महिने वाया जातात.

प्रश्न : पोट चोळून, बिब्बा घालून किंवा डाग देऊन उपयोग होतो का?
उत्तर : मुळीच नाही. बिब्ब्याने व डागाने कातडी भाजते, आतल्या गाठीला काही होत नाही. गाठ असलेले पोट जोरात चोळल्यास आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

प्रश्न : तिखट खाल्ल्याने ही गाठ होते का?
उत्तर : नाही. तिखटाने, मांसाहाराने किंवा उपवासाने ही गाठ होत नाही. मात्र त्रास होत असताना थोडे थोडे, मऊ अन्न खावे. पोटदुखीसाठी दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून घेऊ नयेत. त्यांनी जठरातील जखम वाढते व रक्तस्राव होतो.

या खुणा लक्षात ठेवा

पुढीलपैकी एकही खूण असेल तर आम्लपित्ताच्या गोळ्यांवर थांबू नका, डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या.

१) डांबरासारखे काळे, चिकट शौच किंवा रक्ताची उलटी.
२) कारण न कळता रक्त कमी होणे, दम लागणे.
३) प्रयत्न न करता वजन घटणे.
४) थोड्या जेवणाने पोट भरणे आणि हे महिनाभर चालू राहणे.
५) घास गिळताना अडकणे.
६) हाताला लागणारी गाठ, मग ती दुखो वा न दुखो.
७) पोट फुगून उलट्या होणे व वारा न सरणे. यात एक दिवसही थांबू नये.
८) डोकेदुखी, घाम व धडधड यांचे एकत्र झटके.
९) पंचेचाळिशीनंतर प्रथमच सुरू झालेला आणि औषधाने न जाणारा पोटाचा त्रास.

या नऊ खुणांपैकी एखादी असली म्हणजे मज्जातंतूची गाठच आहे, असे मुळीच नाही. बहुतेकांना व्रण, क्षयरोग, पित्ताशयातील खडे, जंत असे नेहमीचेच काही निघेल. काहींना कर्करोग निघेल आणि तो लवकर निघेल. एखाद्यालाच ही दुर्मिळ गाठ निघेल. कोणतेही कारण निघाले तरी ते वेळेवर कळण्यात रुग्णाचा फायदाच आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना शेवटी एक विनंती. गावातून निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात घरातील प्रत्येकाचे हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि तो कागद बरोबर ठेवा. परतल्यावर पुन्हा तपासा. आकडा खाली आला असेल तर काय झाले ते शोधता येते. कागदच नसेल तर डॉक्टरलाही अंदाजानेच चालावे लागते.

पुढील लेखात पित्ताशयातील खड्यांविषयी माहिती घेऊ.